हँडलची गाठ

काशीरामआबांचा एक नियम होता. होडीतली डिझेलची टाकी दुरुस्तीला काढली, की पाइपाच्या उघड्या तोंडात चिंधी कोंबायची, म्हणजे आत वाळू जात नाही. आणि त्याच फडक्याचा दुसरा तुकडा इंजिनाच्या हँडलला बांधायचा. हँडल मारून इंजिन सुरू करायला गेलेल्या हाताला गाठ लागली, की पाइपातली चिंधी आठवते. वर्सोव्यात सगळे याला हसत. शिवदास तर त्यांचा मुलगाच, तो सगळ्यांपेक्षा जास्त हसे.

एशियाडनंतरच्या पावसाळ्यात टाकी गळायला लागली. शिवदासने ती काढून अंधेरीला वेल्डिंगला नेली. जाण्याआधी आबांचा जुना चौकड्यांचा रुमाल फाडून त्याची चिंधी पाइपात पार आत कोंबली. हँडलला गाठ मात्र बांधली नाही. "मी काय म्हातारा झालोय इसरायला?" असं बायकोला, वनमालाला, वर ऐकवलंसुद्धा. वेल्डरने आज देतो, उद्या देतो करत पुरता जीव खाल्ला आणि टाकी हातात आली ती थेट नारळी पुनवेच्या सकाळी. एवढ्या दिवसांत शिवदास चिंधी साफ विसरून गेला.

यंदाच्या पुनवेकडे आबांचा जीव लागला होता. त्यांचे डोळे जात चालले होते. पुढच्या वर्षी उजेडही कळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हाताऱ्याचं मागणं केवढं, तर आपल्या होडीवरून आपल्या हाताने एकदा दर्याला नारळ द्यायचा आणि तो पाण्यात पडलेला बघायचा. पांढरा सदरा, लाल टोपी घालून ते सकाळपासून होडीत नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

दुपारी खाडी भरतीने तुडुंब भरली. ओहोटी लागली की होडी चिखलात बसणार, मग कसला नारळ आणि कसलं काय. शिवदासने घाईघाईने टाकी बसवली, पाइप जोडला, डिझेल ओतलं. त्याचा चुलतभाऊ नंदू हँडल मारून मारून घामाघूम झाला. इंजिन ढिम्म.

"हवा धरलीय रे," नंदू म्हणाला.

शिवदासने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला घेतला. हवा निघून गेली की स्क्रूपाशी डिझेलची धार लागते. इथे दोन बुडबुडे आले, फुस्स झालं, आणि संपलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. बाजूने पताका लावलेल्या होड्या निघाल्या होत्या. "काय रं शिवा, वल्हं देऊ काय?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. शिवदासचं डोकं तापलं.

तेवढ्यात आबा उठले. चाचपडत आले आणि त्यांनी हँडलवरून हात फिरवला.

"शिवा, हितं गाठ..."

"आबा, दिसत नाय तर मधी मधी कशाला करताय? उतरा खाली!"

आसपासच्या होड्यांवरची डोकी इकडे वळली. आबांचा हात क्षणभर हँडलवरच राहिला. मग नंदूच्या खांद्याला धरून ते धक्क्यावर उतरले.

शिवदासने चडफडत पाइप टाकीपासून सोडवला. टाकीच्या कॉकमधून डिझेल भसाभसा आलं. म्हणजे टाकी ठीक होती. मग आबा हँडलला काय चाचपत होते? गाठ! पाइपात तार घालून त्याने ओढली, तर डिझेलने भिजलेली चौकड्यांची चिंधी बाहेर आली.

पाइप परत जोडून त्याने पंप मारला. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला, नंदूने हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं. शिवदास मात्र तोवर धक्क्यावर पोचला होता.

"आबा, चुकलं माझं. चिंधी इसरलो. चला आता."

"मिळाली ना? मग झालं." आबांनी नारळ पुढे केला. "तूच दे."

"असं नका करू, आबा. चला ना."

"उतरलो ते उतरलो. पाणी चाललंय, होडी बसंल. जा." आवाजात राग नव्हता. राग असता तर शिवदासने पाय धरून काढला असता. वनमालानेही आर्जवं केली, पण म्हातारा हलला नाही.

खाडीच्या तोंडाशी शिवदासने नारळ पाण्यात सोडला आणि मागे वळून पाहिलं. आबा धक्क्याच्या टोकाला उभे होते. तोंड भलत्याच होडीकडे होतं. त्या होडीवरून नारळ पडला, तसे त्यांनी जोडलेले हात कपाळाला टेकवले.

"आबा, हिकडं! हिकडं बघा!" शिवदास जीव तोडून ओरडला. पण इंजिनाच्या धडधडीत त्याचा आवाज नंदूलासुद्धा नीट ऐकू आला नाही. बंद करावं म्हणून त्याचा हात इंजिनाकडे गेला. पुन्हा चालू झालं नाही तर, म्हणून तो तसाच राहिला.