नाव सांगायचा रविवार

रत्नागिरीच्या ख्रिस्ती मंडळीत नाव सांगायची रीत सुरू झाली ती १९३१ सालच्या जानेवारीत. त्याआधी धर्म सांगणं हे पगारी माणसांचं काम होतं. एक उपदेशक, एक बायबलबाई आणि बाजारात पुस्तकं विकणारा एक म्हातारा. बाकीची साठ-सत्तर माणसं रविवारी बाकांवर बसत, गीतं म्हणत आणि घरी जाऊन भात-कालवण जेवत. नवे पाळक श्रीपतराव नगरकडून आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगून टाकलं की हे चालायचं नाही. सुतार असो, शिंपी असो, बंगल्यावरचा माळी असो. प्रत्येकाने आठवड्यात एका तरी माणसाशी प्रभूविषयी बोलायचं आणि रविवारी उपासना संपली की उभं राहून त्या माणसाचं नाव सांगायचं. पाळक ते वहीत लिहिणार. ईस्टरपर्यंत ज्याने एकही नाव दिलं नसेल त्याने प्रभुभोजनाला बसू नये.

"ज्याने पेरलं नाही त्याने भाकरीला हात लावू नये," पाळक म्हणाले.

"देशावरचा माणूस. शेवटी भाकरीवरच आला," मागच्या बाकावर कोणीतरी पुटपुटलं.

लोक नावं सांगू लागले. सुताराने गिऱ्हाइकाचं सांगितलं, शिंप्याने शेजाऱ्याचं. माळ्याने लागोपाठ तीन रविवार एकाच भाजीवालीचं नाव सांगितलं तेव्हा पाळकांनाही हसू आवरलं नाही. मार्च उजाडला तेव्हा एकदाही न उठलेली एकच बाई उरली होती. सोनूबाई.

सोनूबाई सुईण होती. पन्नाशीची, विधवा, हाडापेराने थोराड. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, म्हणून भाट्याच्या खाडीपलीकडच्या वाड्यांतून तिला बोलावणं येई. ख्रिस्ती म्हणून मागच्या दाराने घेत, ती गेली की खोली सारवून काढत. पण पोर आडवं आलं की माणूस तिच्याकडेच धावत येई. कोणत्या घरात कोणाचं पोर कसं जन्मलं, जन्मून कसं गेलं, सगळं तिला ठाऊक होतं आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर आलं नव्हतं. सुईणीचं तोंड उघडलं की हात रिकामे, असं तिची आई म्हणायची.

मालिनीबाई, म्हणजे मंडळीची बायबलबाई, तिला उपासनेच्या देवळाच्या दारातच अडवायची. "आम्हांला लोक उंबरा ओलांडू देत नाहीत. तुझ्यापुढे बायका बारा-बारा दिवस आडव्या पडलेल्या असतात. आणि तुला एक नाव मिळत नाही?"

"कळा देणाऱ्या बाईला काय सांगू, बाई? तेव्हा तिला कुठलाच देव नको असतो."

"मग तेल लावताना सांग."

तेल लावताना एक बोलणं झालं होतं. फेब्रुवारीत. पण ते सोनूबाईने काढलेलं नव्हतं.

खाडीपलीकडच्या एका वाडीत रघू म्हणून मुंबईला गिरणीत असणाऱ्या माणसाची बायको, काशी, बाळंत झाली. तिसरी मुलगी. सासू हौसा दोन दिवस खोलीत डोकावली नाही. आठव्या दिवशी सोनूबाई पायाला तेल चोळत होती तेव्हा काशीने हळूच विचारलं, "तुज्या देवाला पोरी चालतात काय गो, सोनूबाय?"

सोनूबाईने हात न थांबवता तिला एक गोष्ट सांगितली. एका माणसाची बारा वर्षांची मुलगी मेली होती. लोक म्हणाले, आता त्रास कशाला घेतोस? पण प्रभू स्वतः चालत त्या घरी गेला, पोरीचा हात धरला आणि म्हणाला, मुली, ऊठ. ती उठली. मग तो म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या.

"खायला द्या म्हणाला?"

"होय."

काशीने तान्हीला जवळ ओढलं. बाहेर तिच्या थोरल्या दोघी भांडत होत्या. "मी इचारलं ता कोनाला सांगू नको," ती म्हणाली. "म्हातारी मला घरात ठेवायची न्हाय. ह्या दोगींना टाकून मी कुटं जाव?"

सोनूबाईने तान्हीच्या टाळूवर हात ठेवून सांगितलं, नाही सांगणार.

मार्चच्या आठ तारखेला, रविवारी, पाळकांनी वही उघडली आणि राहिलेल्यांचं एकच नाव वाचलं. सगळ्यांनी माना वळवल्या.

"बाई, दोन महिन्यांत तुम्हांला एकही जीव भेटला नाही?" ते मऊ आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जात सोडून आलेल्या माणसाला मंडळी हीच जात असते. सोनूबाईच्या नवऱ्याला याच लोकांनी खांदा दिला होता. उद्या तिलाही हेच देणार होते. भोजनाच्या वेळी भाकरीची थाळी आपल्यासमोरून न थांबता पुढे जाते आहे असं तिला दिसलं. ती उठली.

"एक आहे. तिने विचारलं होतं."

"नाव?"

तिने नाव सांगितलं. कुठली, तेही सांगितलं. तिचा हिशेब साधा होता. आजवरची सगळी नावं वहीत गेली, वही कपाटात गेली. भाजीवालीच्या दारात कोणी गेलं नव्हतं. पण बाकीची नावं नुसतं ऐकून घेतलेल्यांची होती. आपण होऊन विचारणाऱ्याचं नाव वहीत पहिल्यांदाच येत होतं.

पाळकांची लेखणी थांबली. "तिने आपण होऊन विचारलं?"

मग बुधवारी तिच्या घरी जायचं ठरलं. पगारी उपदेशकाने एकट्याने नव्हे, मंडळीने. शिमग्याचे दिवस होते. चाकरमानी मुंबईहून आलेले, गावदेवीची पालखी घरोघर फिरणारी. बुधवारी ती त्या वाडीत असणार, म्हणजे सगळी वाडी एका जागी सापडेल, असं पाळक म्हणाले. पालखी येणाऱ्या अंगणात परक्या देवाचं गाणं घेऊन शिरणं म्हणजे काय, हे नगरच्या माणसाला माहीत नव्हतं. सुताराला माहीत होतं. शिंप्याला माहीत होतं. बाकांवर बसलेल्या प्रत्येकाच्या आज्याने कधी ना कधी पालखीला खांदा दिलेला होता. पण जो भितो तो आधीच नाकारतो, असं पाळकांनी गेल्याच रविवारी सांगितलं होतं, आणि भित्रा कोणालाच ठरायचं नव्हतं.

"साहेब, पालखीच्या दिवशी नको," सोनूबाई म्हणाली. "त्या बाईचं घर मोडेल."

"स्वतःचं नाव तरलं, आता दुसऱ्याची काळजी का?" मालिनीबाई म्हणाली.

"एक घर मोडलं तर प्रभूचं घर आहे," पाळक म्हणाले, आणि ते त्यांना खरोखर वाटत होतं.

बुधवारी सकाळी अकरा माणसं खाडी ओलांडायला तरीच्या होडीत बसली. पेटी, ढोलकी, दोन टाळ. तरवाल्या बाबल्याने ढोलकीकडे बघून विचारलं, "पालखीला चाललात काय? ढोल त्यांचा हाय की." कोणी हसलं नाही. सोनूबाई पुढच्या टोकाला बसली होती. सगळ्यांच्या आधी पोचून काशीला मागच्या दाराने परसात काढायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण पलीकडे उतरल्यावर चढणीला तिला धाप लागली आणि तरणी माणसं पुढे निघून गेली.

ती पोचली तेव्हा मालिनीबाईचं गीत सुरू झालेलं होतं. अंगण ताजं सारवलेलं, रांगोळी घातलेली. पालखी शेजारच्या घरातून निघाली होती, तिचे ढोल जवळ येत होते. काशी ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, तान्ही खांद्याशी. रघू मुंबईची टोपी घालून ओटीवर.

मालिनीबाईने गीत थांबवलं. "काशी ती तूच ना? बाहेर ये, बाय. तू प्रभूची वाट विचारलीस. आम्ही ती दाखवायला आलोय."

ढोल थांबले. पालखी अंगणाच्या कडेलाच थबकली. पालखीचा मानकरी, गावकर रावजी, पुढे आला. म्हातारा माणूस, आवाज चढवायची त्याला सवय नव्हती.

"रघू, ही माणसं तुझ्या बायलीला नावानं हाक मारतात. नाव कोनी दिला ह्यांना?"

रघू टोपी काढून हातात फिरवू लागला. हौसाने सुनेकडे पाहिलं. "बोल गो. काय इचारलंस ह्यांना?"

काशीने सगळ्यांच्या खांद्यांवरून मागे बघितलं. सोनूबाई धापा टाकत अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी होती.

"सोनूबायला इचारा," काशी म्हणाली.

तिने वाट ठेवली होती. सुईणीने नाही म्हणावं, बाईने काही विचारलं नाही, मीच मनाचं सांगितलं म्हणावं, की ताट हातात राहिलं असतं, पालखी आत आली असती. सोनूबाईला ते कळलं. तिच्या एका बाजूला काशी होती, दुसऱ्या बाजूला मंडळीची दहा माणसं.

"सत्य सांगा, बाई," पाळक म्हणाले.

"विचारलं होतं," सोनूबाई म्हणाली. "एक गोष्ट विचारली होती."

रावजीने मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवावी तशी. "पालखी ह्या घरात चढायची तर ही बाई घरात नको. न्हायतर आमी पुढच्या घरी जातो."

पालखी दारावरून परत गेलेल्या घरात पुढे कोणी मुलगी देत नाही, पाणी देत नाही. रघूला विचारावं लागलं नाही. हौसाने सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं. तान्हीकडे तिने हात केला नाही.

"अंगावरची तुझी," ती म्हणाली. "ह्या दोगी घरच्या."

थोरलीला कळलं. ती आईच्या लुगड्याला चिकटली, तेव्हा रघूने तिचं एकेक बोट सोडवलं. धाकटी नुसतीच सगळ्यांकडे बघत होती. काशी पायऱ्या उतरली, रांगोळीला वळसा घालून अंगणाबाहेर आली. मग ढोल वाजले, पालखी आत गेली, आणि पोरीचं रडणं त्यात ऐकू येईनासं झालं.

परतताना तरीत पाळकांनी प्रभूचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले. काशी पाण्याकडे तोंड करून तान्हीला पाजत होती.

ती सोनूबाईच्या पडवीत राहिली. दुसरीकडे जागा नव्हती. दोनदा ती खाडी उतरून गेली. एकदा दार लावून घेतलं, दुसऱ्या वेळी चढणीवरच दगड आले. पाळकांना तिने विचारलं, मी तुमच्यात आले तर पोरी मिळतील काय? मुलं कायद्याने बापाची, पाळक म्हणाले. आपण प्रार्थना करू. तिकडे बाटली ती बाटली असं ठरलेलंच होतं. ईस्टरच्या रविवारी तिने बाप्तिस्मा घेतला. हिला कोणी आणलं, असं पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं आणि सोनूबाई उठून उभी राहिली. त्या दिवशी थाळी तिच्यासमोर थांबली. भाकरीचा तुकडा तिने चावून चावून गिळला.

खाडीपलीकडून तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. एप्रिलमध्ये तिकडे एक बाई आडव्या पोरासकट गेली, तरी नाही.

काशी पहाटे उठे, भात कांडी, सोनूबाईचे कपडेही धुई. कामापुरतं बोले. रविवारी तिचं नाव पुकारलं की मान खाली घाली. नवी आहे म्हणून पाळक पुढे जात.

वैशाखात रघूचं लग्न झालं. मुलगी लांज्याकडची, गंगा नावाची, सतरा वर्षांची. ही बातमी बाबल्या तरवाल्याने आणली. पडवीत बसून पाणी पिता पिता त्याने चांगल्या मनाने सांगितलं, "पोरींची काळजी करू नको. रुळल्यात. नवी मायेची हाय, पोरींना आधी जेवायला वाढते. धाकटी तर तिला आय म्हनते."

काशीने त्याच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं, घासलं आणि उपडं घातलं.

पुढच्या रविवारी, नाव पुकारायच्या आधीच, ती उभी राहिली.

"गंगा," ती म्हणाली. "रघूची नवी बायको. पाणवठ्यावर भेटली. तिनं आपनहून इचारलं, प्रभू कोन म्हनून."

बाकांवर कुजबुज झाली. मालिनीबाईने हात जोडले. एकाच घरातून दुसरी. पाळकांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण मार्चनंतर ते थोडे सावधही झाले होते.

"तू पलीकडे गेली होतीस?"

काशीने मान वळवली. त्या अंगणात वळवली होती तशीच. "सोनूबायला इचारा," ती म्हणाली.

सगळा आठवडा काशी पडवीतून हलली नव्हती. सोमवारी-मंगळवारी भात कांडला, बुधवारी तान्हीला ताप होता, नंतरचे दोन दिवस दोघींनी मिळून चूल नवी घातली. सोनूबाईला हे तासागणिक माहीत होतं. लांज्याकडच्या त्या पोरीने काशीला काही विचारलेलं असणं शक्यच नव्हतं. काशी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. त्या अंगणात राहिलेलं देणं मागणाऱ्या माणसासारखी ती उभी होती.

"गेली होती," सोनूबाई म्हणाली.

पाळकांनी नाव लिहिलं, शाई टिपली आणि सुताराला विचारलं, बुधवारी तरीची पहिली होडी किती वाजता सुटते.