रेशमासारखं इंजिन

इंजिन खडखडत होतं आणि माणसं गप्प होती. अंगणात, अंजिराच्या सावलीत, जुन्या 'चारशेचार' गाडीचं बॉनेट उघडं होतं. अक्लीने पाना खाली ठेवून नुकतंच विचारलं होतं, "काय? सुरात लागली ना?" आणि त्या प्रश्नाभोवती शेजारी खिळून राहिले होते, जुरजुरा डोंगराच्या उतारावर वाट चुकलेल्या शेळ्यांसारखे.

अक्लीचे कान दगडखाणीतल्या सुरुंगांनी केव्हाच नेले होते. गावाला ते ठाऊक होतं. त्याला मात्र वाटे, हल्ली माणसंच पुटपुटतात. समोरच्याचे ओठ वाचून तो संभाषण निभावून नेई. एके काळी इंजिनातल्या झडपांचं, टॅपेटचं अंतर तो मापाच्या पट्टीशिवाय, निव्वळ कानाने लावायचा, आणि घाटाखालचे लोक गाड्या घेऊन त्याच्याकडे येत. आजही तो कानानेच लावत होता.

परवा त्याच्या मुलाचं, लुनिसचं लग्न. नवरी आणायला जाणाऱ्या वरातीच्या अग्रभागी ही गाडी असावी आणि ती आपण चालवावी, एवढं एकच त्याने मागितलं होतं. लुनिसला हवी होती भाड्याची, पांढरी, नवी गाडी.

"दा अक्ली," कॉफीवाला सलेम तोंड वळवून म्हणाला, "ढोलवाल्यांना सांगून टाका, येऊ नका म्हणावं. तुमचं इंजिनच पुरे!"

हसू पसरलं. अक्लीला ते कौतुक वाटलं. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

लुनिस त्याच्या पुढ्यात आला. "बाबा, नेहमीसारखं करा. मागं सरा, डोळे मिटा, ऐका. तुम्ही सुरात लागली म्हणालात, तर हीच गाडी पुढं. सगळ्यांसमोर शब्द देतो."

अक्ली मागे सरला. हात पाठीशी बांधून, मान किंचित तिरकी करून त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावर प्रार्थनेची शांतता आली.

लुनिसने गाडीच्या खिडकीतून हात घातला आणि चावी उलटी फिरवली. इंजिन खोकलं, एकदा शहारलं आणि मेलं. घरात बायकांचं लग्नगीत चाललं होतं, तेही तुटलं. लुनिसने ओठांवर बोट ठेवलं.

"ऐका," अक्ली म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्याने. "तिसरी झडप रडायची. आता कशी निजलीय! माझी वर्दिया रोज सांगते मला, रेशीम झालंय, रेशीम. ती नाही खोटं बोलायची."

सलेमने हसू दाबायला टोपी तोंडात कोंबली.

अक्लीने डोळे उघडले. इंजिनच्या पंख्याची पाती स्थिर होती, एकेक वेगळं दिसावं इतकी. मग त्याने इंजिनवर तळवा टेकला. ऊब होती. थरथर नव्हती.

"मग पांढरी सांगतो," लुनिस म्हणाला, ओठ नीट दिसावेत अशा बेताने, सावकाश. "चालेल ना, बाबा?"

अक्लीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. घराच्या दारात त्याची बायको उभी होती, हातांना रवा माखलेला.

"वर्दिया," तो म्हणाला, "काल संध्याकाळी तू रेशीम म्हणालीस... तेव्हा तरी चालू होती का गं गाडी?"

वर्दियाने तोंड फिरवलं, त्याला ओठ दिसणार नाहीत इतकं, आणि ती आत निघून गेली.