चौकातली वल्लरी

रिक्षातून उतरता उतरताच चारुताचं डोकं फिरलं. खांदा कॉलनीच्या चौकात, सगळ्या जगाच्या डोक्यावर, तिची लेक वल्लरी फ्लेक्सवर लटकत होती! गणपतीतल्या नाचाचा पिवळा परकर-पोलका, एक हात वर, चेहऱ्यावर हे एवढं हसू. खाली लालभडक अक्षरं: ‘आपलं मूल असं तर नाही ना?’ आणि भोवती हात जोडून हसणारे कॉलनीतले झाडून सगळे पुढारी.

ही माणसं पाण्याच्या टँकरसाठी कधी एकत्र आली नव्हती, पण पोरांचा लठ्ठपणा हटवायला समिती काढून आली. सोसायट्यांचे अध्यक्ष, मंडळाचे कमलाकरकाका, योगवर्गाच्या आशालताबाई. समितीचा सचिव कोण, तर चारुताचाच नवरा, इंद्रजीत.

“फोटो तू दिलास?” घरात शिरताच तिनं त्याला विचारलं.

“अगं, नेटवर सगळी फॉरेनची पोरं. काकांना आपल्यातलं मूल हवं होतं. आणि किती गोड आलीय ती!”

“गोड? वाच ना खाली काय लिहिलंय! लाज कशी नाही वाटली रे तुला?”

“काकांना नाही कसं म्हणणार?” इंद्रजीत म्हणाला. बायकोला, पोरीला नाही म्हणणं सोपं असतं मेलं.

चारुता तशीच तणतणत कमलाकरकाकांकडे गेली. काकांनी आधी तिला पाणी दिलं, मग समजावलं, “हे बघ, फ्लेक्स काढला तर बाकीचे नाराज होतील. त्यांचेही फोटो आहेत ना त्यावर. रविवारी मोहिमेचं उद्घाटन आहे. आपण वल्लरीचा चेहरा झाकू, म्हणजे झालं.”

झाकला. पांढरा कागद चिकटवला नेमका तिच्या तोंडावर. पुढाऱ्यांच्या मिशीलाही धक्का लागला नाही. पण तो पिवळा परकर कॉलनीत कोण ओळखत नव्हतं? त्याच परकरात नाचून पोरीनं पहिला नंबर काढला होता.

वल्लरी जाडी होती, खोटं कशाला बोला. पण शाळेतून आली की दप्तर भिरकावून खाली पळायची. लंगडी काय, साखळी काय, बाकीची पोरं पायऱ्यांवर मोबाईल घेऊन बसलेली असायची तेव्हा हीच त्यांना ओढून खेळायला लावायची. तिला घरी बोलावता बोलावता चारुताचा घसा बसायचा. फ्लेक्स लागल्यापासून हाक मारायची वेळच आली नाही. पोरगी शाळेतून यायची, खिडकीचा पडदा ओढायची आणि बसून राहायची. चारुताला वाटे, जाऊन तो फ्लेक्स दातांनी फाडावा. पण संसार याच कॉलनीत करायचा होता.

रविवारी सकाळी मुलांची दौड होती. खाली कमलाकरकाका माईकवरून ओरडत होते, “आज एकही मूल घरात राहता कामा नये!”

इंद्रजीत समितीचा नवा टी-शर्ट घालून वल्लरीसमोर उकिडवा बसला. “चल ना वल्लू. सगळे विचारतायत तुझं. तुला तर पळायला किती आवडतं.”

वल्लरीनं बराच वेळ त्याच्या टी-शर्टकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, “बाबा, तोंड झाकून आले तर चालेल?”

चारुतानं पोरीला पोटाशी घेतलं आणि इंद्रजीतकडे बघत राहिली. आता तरी हा काहीतरी बोलेल, निदान तो टी-शर्ट अंगातून काढेल, असं तिला अजूनही वाटत होतं.

तेवढ्यात खाली माईकवर सत्कारासाठी इंद्रजीतचं नाव पुकारलं. तो उठला, टी-शर्ट खाली ओढून नीट केला आणि गेला.