तिसऱ्या माणसाचे अकरा सेकंद

बोकडाचा मधोमध भांग पाडणारा म्हातारा.

दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात.

पोस्टमन घरोघर पाकिटं वाटतो. पाकिटांत सुके बोंबील.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण गंजलेलं.

सात खलाशी. सातांच्या डोक्यावर मिळून एकच दार.

माझ्याकडे अब्बांचे चार फोटो आहेत. चारही फोटोंत ते थांबलेले आहेत.

बुधवारपर्यंत कळवा.

*

बोकड, पोस्टमन आणि दार 'मिठाचं घड्याळ' या सिनेमातले. सोळा वर्षांपूर्वी तो दाभोळला चित्रित झाला. थेटरात कधी लागला नाही. पुण्यामुंबईत चार-पाच खेळ झाले, एका समीक्षकाने लेख लिहिला, संपलं. जगात त्याचे चाहते किती असतील माहीत नाही. रत्नागिरीत चार आहेत.

बाहुल्या डोळ्यांतल्या, माझ्या धंद्यातल्या. मी, फिजा, मारुती मंदिरजवळ चष्म्याच्या दुकानात काम करते.

डबा भिकाजीकाकांचा. त्याच्याकडे येते.

सात खलाशांतला तिसरा म्हणजे माझे अब्बा, जमाल. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, खलाशी रिकामे, म्हणून दिग्दर्शकाला सात माणसं एका हाकेत मिळाली. त्यानंतर दोन वर्षांनी अब्बा काविळीने गेले. आमच्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता. सबंध जगात अब्बा चालताना फक्त एका जागी दिसतात: सिनेमाच्या बावन्नाव्या मिनिटाला, अकरा सेकंद.

तो तिसरा माझा बाप, हे रत्नागिरीतल्या बाकी तिघा चाहत्यांना माहीत नव्हतं.

*

का नव्हतं?

कारण सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्या बैठकीला गेले. योगिनीताईंची रक्त तपासायची लॅब आहे. तिच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी चार वाजता खिडक्यांना चादरी लावून सिनेमा बघायचा आणि मग भांडायचं, अशी ती बैठक. मी हा सिनेमा बघायलाच गेले होते. बावन्नावं मिनिट आलं. सहा खलाशी सांगितल्याप्रमाणे समोर बघत चाललेत, आणि तिसरा मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे बघतो. बघतच राहतो. संदेश सर, शाळेत चित्रकला शिकवतात ते, म्हणाले, "तो तिसरा गाढव बघा. सगळ्या स्वप्नाचा बट्ट्याबोळ केला त्याने."

सगळे हसले. मीही हसले.

एकदा हसल्यावर पुढे कसं सांगणार? एक रविवार गेला. मग वर्ष.

*

भांडण काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

संदेश सरांना सिनेमा आवडतो, पण आवडताना त्यांना त्रास होतो. बोकडाचा प्रसंग नऊ मिनिटांचा आहे, तो तीनचा हवा होता. माणसं बोलतात तेव्हा ओठ एक म्हणतात आणि ऐकू समुद्र येतो, हे त्यांना पहिल्या दोन वेळा थोर वाटलं, तिसऱ्यांदा आळस वाटला. पण खरा दोष म्हणजे तिसरा खलाशी. स्वप्न बघणाऱ्याला स्वप्नातलं कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या एका नजरेने कळतं की हे शूटिंग आहे, समोर कॅमेरा आहे, आणि तो लावणारा माणूस ढिला आहे.

योगिनीताईंचं बरोबर उलटं. दीड तास आपण त्या गावाकडे टकमक बघतो, आणि एकदाच गाव आपल्याकडे बघतं. ती नजर म्हणजे सिनेमाचा प्राण. पाहिजे तर बोकड कापा, तो माणूस नको.

भिकाजीकाका सावर्ड्याहून एसटीने यायचे. एका बंद पडलेल्या थेटरात त्यांनी एकतीस वर्षं मशीन चालवलं. ते बहुतेक वेळा सिनेमाकडे न बघता आमच्याकडे बघत. त्या समीक्षकाने झावळ्यांनी शाकारलेल्या होडीला 'मृत्यूचा मंडप' म्हटलंय, हे योगिनीताईंनी वाचून दाखवलं तेव्हा काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पावसात होडी भिजू नये म्हणून शाकारतात, एवढं त्या माणसाला कुणी सांगितलं नाही का, असं ते दर दोन महिन्यांनी विचारत.

डब्याची गोष्टही त्यांचीच. रीळ तुटलं की फाटलेल्या चार-दोन चौकटी कापायच्या, दोन टोकं जोडायची, खाली लोक शिट्ट्या मारत असताना. कापलेले तुकडे बाकीचे ऑपरेटर झाडूने लोटत. काकांनी कधी लोटले नाहीत, बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले. "कापलेल्यात पण कुणाचं तरी तोंड असतंय," ते म्हणाले होते.

मी? मी योगिनीताईंच्या बाजूने. दर वेळी. त्यांच्याहून जोरात.

*

शुक्रवारी दिग्दर्शकाचं पत्र आलं. बैठकीचा ईमेल मी सांभाळते, म्हणून पहिल्यांदा मीच वाचलं, दुकानात, एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत असताना.

त्यात लिहिलं होतं: सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत तयार होते आहे. तिसऱ्या खलाशाचा शॉट मला सोळा वर्षं खुपतोय. काढू की ठेवू? माझ्यापेक्षा जास्त वेळा तुम्ही पाहिलाय. तुम्ही म्हणाल तसं करतो. बुधवारपर्यंत कळवा. नवी प्रत झाली की तुमच्याकडची जुनी लिंक बंद होईल.

आजोबा म्हणाले, "बाई, कान दुखतोय."

मी टीव्हीवरून मोबाइलवर ते अकरा सेकंद आधीच घेऊन बघितले होते. पट्ट्या येतात. अब्बांच्या तोंडाच्या जागी पांढरा डाग येतो.

शुक्रवार. शनिवार. सांगावं. नको. सांगितलं तर ते ठेवतील, पण माझ्याकडे बघून ठेवतील. संदेश सर माफी मागतील. पुढे दर वेळी बावन्नाव्या मिनिटाला खोलीत एक शोकसभा होईल. मला अब्बा दयेवर नको होते. ते सिनेमात हक्काने हवे होते.

शनिवारी मी तीन गिऱ्हाइकांच्या काचा उलट्या बसवल्या.

*

आमच्यात वर्षातून एकदा उलटी बैठक होते. ज्याला जे आवडतं त्याने त्याच्या विरुद्ध बोलायचं, ज्याला खटकतं त्याने बाजू घ्यायची. मनापासून. मिळमिळीत बोलणाऱ्याला पुढचे सहा महिने सिनेमा निवडता येत नाही. योगिनीताईंनीच हे काढलं होतं, सगळ्यांची डोकी जरा फिरावीत म्हणून.

रविवारी त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि जाहीर केलं: सरळ भांडून सहा वर्षांत निकाल लागला नाही, तेव्हा हा निकाल उलट्या बैठकीत. शॉट ठेवण्याच्या बाजूने संदेश सर. काढण्याच्या बाजूने... त्यांनी स्वतःकडे बोट नेलं, मग माझ्याकडे वळवलं. त्या म्हणाल्या, तू माझ्याहून जास्त भांडतेस, तूच बोल.

तेव्हा नाही म्हणता आलं असतं.

तेव्हा.

*

संदेश सर पहिले बोलले. आधी चेष्टेत, मग हळूहळू चेष्टा संपली. दार वाहणाऱ्या सात जणांत एकालाच कळतं की आपण दार वाहतोय, म्हणाले. बाकीचे सहा फक्त चालतायत. आणि ज्याला कळलं तो ओरडत नाही, दार टाकत नाही, नुसता वळून बघतो. बोलून खाली बसले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मीच दिलेला चष्मा.

माझी पाळी आली. मी ठरवून आले होते की चार वाक्यं बोलायची, हरायचं आणि जिंकायचं.

शॉट लावला. थांबवला. तिसरा माणूस थांबला. पाचवा फोटो.

आणि काय झालं माहीत नाही. सहा वर्षं सगळे त्या नजरेबद्दल बोलत होते, आणि एकालाही ती दिसली नव्हती. गाव बघतंय. प्राण आहे. गाढव आहे. मी रोज चाळीस माणसांचे डोळे मोजते. मी पर्समधून पट्टी काढली आणि टीव्हीच्या काचेवर, अब्बांच्या डोळ्यांवर धरली.

"हा आपल्याकडे बघतच नाहीये," मी म्हणाले.

योगिनीताई पुढे सरकल्या.

मी दाखवलं. बुबुळाच्या एका बाजूला पांढरं जास्त आहे, दुसऱ्या बाजूला कमी. वरची पापणी उतरलेली आहे. सरळ भिंगात बघणाऱ्याची अशी उतरत नाही. नजर भिंगाच्या खाली आहे, चांगली दोन हात खाली, आणि थोडी बाजूला. आपण सहा वर्षं म्हणतोय की गाव आपल्याकडे बघतं. नाही बघत. हा शूटिंगच्या ठिकाणी उभ्या असलेल्या कशाकडे तरी बघतोय, ज्याचा या सिनेमाशी काही संबंध नाही. स्वप्नाशी नाही, दाराशी नाही, आपल्याशी तर नाहीच. त्याला सिनेमा चाललाय याचंही भान नाही. असा माणूस सिनेमात कशाला ठेवायचा?

बोलताना मला जाणवत होतं की मी थांबायला हवं. माझा आवाज फार स्वच्छ येत होता.

"मग कुणाकडे बघतोय तो?" काकांनी विचारलं.

"ते सिनेमात नाहीये," मी म्हणाले. "म्हणून तर काढायचा."

खाली लॅबमध्ये यंत्राची शिट्टी वाजली आणि बंद झाली.

*

हात वर.

काढा: योगिनीताई. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या की त्यांची सहा वर्षांची समजूत गेली, पण खरं ते खरं.

ठेवा: संदेश सर. स्वतःच्याच भाषणाने बदलले होते. उलट्या बैठकीत हे व्हायचं.

ठेवा: मी. बाजू कुठलीही मांडली तरी मत आपलं देता येतं, असा नियम आहे. संदेश सर म्हणाले, "आता काय गं उपयोग? मलासुद्धा पटत होतं मधे."

काकांनी बराच वेळ हात वर केला नाही. दोन-दोन अशी बरोबरी झाली तर काका ज्या बाजूला ती बाजू जिंकते, ही जुनी रीत. ते टीव्हीकडे बघत होते, सहा वर्षांत पहिल्यांदाच आमच्याकडे नाही. मग म्हणाले, "पोरीने मोजून दाखवलंन. मोजल्यावर काय बोलायचं?" आणि हात वर केला.

काढा.

*

ईमेल मी लिहायचा होता. योगिनीताई चहा टाकायला खाली गेल्या, सर खिडकीच्या चादरी काढायला लागले. उजेड आला. टीव्हीवर अब्बा अजून थांबलेले, उजेडात फिकट.

मी लिहिलं: ठेवावा.

खोडलं.

लिहिलं: आमचं एकमत झालं नाही.

खोडलं. हे खोटंही नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

लिहिलं: बैठकीच्या मते तो शॉट काढावा. कारण: तो माणूस सिनेमाकडे बघत नाही.

हे तीन वेळा वाचलं. खरं होतं. मीच सिद्ध केलं होतं. आणि अब्बांना दयेवर ठेवायचं नाही असं मीच म्हणाले होते, तर आता चोरून तरी कसं ठेवायचं?

मग खाली आणखी लिहिलं: कापलेले अकरा सेकंद पुसू नका. त्याच्या आधीचे, नंतरचे, न वापरलेले जे असतील तेही. मला पाठवा. मी तिसऱ्या माणसाची मुलगी.

मागे कुणीतरी उभं होतं. काकांना जवळचं वाचायला चष्मा लागतो, तो त्यांनी लावला होता. ते वाचेपर्यंत मी हलले नाही. वाटलं, आता सरांना हाक मारतील, हात मागे घेतील, बैठक पुन्हा भरेल.

काकांनी हाक मारली नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून टीव्हीकडे बघितलं, मग परत अक्षरांकडे.

"डबा घेऊन ठेव गो," ते हळूच म्हणाले. "पत्र्याचा नको. गंज धरतो."

मी पाठवलं.

चहा आला. कुणीतरी टीव्ही बंद केला. सर म्हणाले, पुढच्या रविवारी दुसरा कुठलातरी सिनेमा बघू, आणि योगिनीताईंनी कुठला ते विचारलं, आणि मी कप उचलला तर तो रिकामा होता. मी कधी प्यायले होते आठवेना.

*

शूटिंगच्या दिवशी मी आठ वर्षांची होते. कॅमेऱ्याच्या बाजूला, दिग्दर्शकाच्या छत्रीखाली उभी होते, आणि मला लघवीला लागली म्हणून अब्बांना करंगळी दाखवत होते.