हाताला हात

कस्तुराबाईचा चेहरा फोटोत होता, आवाज सुनेच्या मोबाइलमध्ये होता. हात मात्र कुठेच नव्हता. किशनराव रोज सकाळी तो आठवून बघत आणि दिवसेंदिवस तो कमी आठवे. ऊन होता का गार, जड होता का हलका, तेवढंही आता नीट सांगता येत नव्हतं. त्याचीच त्यांना भीती वाटे. बायको गेली, आता तिचा हातही जाणार.

निलंग्याजवळचं गाव सोडून ते लातूरला मुलाकडे आले, त्याला वर्ष होत आलं होतं. मुलगा वाकून नमस्कार करी, सून शिवांगी "मामा, जेवून घ्या" म्हणत ताट पुढे ठेवी. माणसं चांगली होती. पण इतक्या दिवसांत त्यांच्या हाताला कुणाचा हात लागला नव्हता.

थंडीत एका सकाळी ते फिरायला बागेत गेले. झाडांखाली धुकं होतं आणि धुक्यात काही माणसं पाण्यातून चालल्यासारखी सावकाश चालत होती. चालता चालता ती दोघं दोघं समोरासमोर आली, मनगटाला मनगट लावलं आणि हात गोल फिरवू लागली. आवाज नाही, घाई नाही. किशनराव बघतच राहिले. ऊन वर आलं तरी त्यांना घर आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते धोतर खोचून त्या माणसांत उभे राहिले.

शिकवणारी मालविका पुण्याहून शिकून आली होती. "ही लढायचीच विद्या आहे, काका," ती म्हणाली. "चीनची. ताई-ची म्हणतात. फक्त सावकाश करायची. तुम्ही कशासाठी आलात?"

नव्या माणसाला ती हे विचारीच. एका पोरीला पोलिसात भरती व्हायचं होतं. डाळ मिलमधले मडिवाळप्पा म्हणाले, "मी गुडघ्यासाठी आलो. आन् खरं सांगू का, घरात बायको योगा करायली, मला उभं राहायला जागा न्हाई." सगळे हसले.

किशनरावांनी धोतराचा सोगा पुन्हा खोचला. "बघतो," एवढंच म्हणाले.

बरेच दिवस नुसतं चालणं झालं. मग एकदा मालविकानं त्यांना मडिवाळप्पांसमोर उभं केलं. मनगट लागलं मात्र, किशनरावांनी ते गच्च धरलं.

"अय्यो! बैल हाय का मी? सोडा की!"

"काका, धरू नका," मालविका म्हणाली. "ढकलूही नका. ते येतील तसं मागं जायचं, ते जातील तसं पुढं. डोळे मिटा."

किशनरावांनी डोळे मिटले. मडिवाळप्पांच्या सदऱ्याला तुरीच्या भुश्शाचा वास होता. हात फिरू लागले. एक फेर, आणखी एक फेर, आणि बाग हळूहळू लांब गेली.

नवं लग्न होतं. दार आतून लावलेलं, कारण गडी माणूस जात्यावर बसलेला दिसला असता तर गाव हसलं असतं. दोघांत जातं, शेजारी तुरीनं भरलेलं सूप. खुंट्यावर तिचा हात, त्यावर त्यांचा. ते जोर लावत आणि दाणे उडत.

"अवो, जोर नगं," कस्तुरा म्हणे. "संगं फिरा नुसतं."

ते संगं फिरले. मनगट सैल झालं. आणि हात आला. ऊन होता. हलका नव्हता. करंगळीच्या मुळाशी घट्टा होता, तो ते पार विसरले होते. जातं घरघरत राहिलं. पिवळी डाळ चहूकडून पडत राहिली.

"किशनराव, मी हिकडं हाय."

त्यांनी डोळे उघडले. मडिवाळप्पा गुडघा चोळत बाजूला उभे होते. किशनरावांचा हात रिकाम्या धुक्यात एकटाच फिरत होता.

मालविका हसली नाही. "काका, आता सांगता का? कशासाठी आलात?"

"डाळ भरडायला," किशनराव म्हणाले.

"मग मिलवर यावं की!" मडिवाळप्पा खो खो हसले आणि हसत हसतच त्यांनी पुन्हा मनगट पुढे केलं.

किशनरावांनी आपलं मनगट त्याला लावलं. धरलं नाही. नुसतं लावलं आणि डोळे मिटले.