बोंडांचं पांघरूण

ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा दुर्गाबाईंच्या गालात अर्धा अनारसा होता, आणि खरं सांगायचं तर तो गिळून होईपर्यंत त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात असतं तर पातूरच्या बाजारात त्यांचं फुलांचं दुकान इतकी वर्षं चाललंच नसतं.

प्रसंग होता लेकीच्या डोहाळजेवणाचा. लेक रागिणी, सासर अमरावतीचं. दिवाळी नुकतीच झालेली. रागिणी झोपाळ्यावर बसली होती, अंगभर फुलांचे दागिने लेवून, आणि ते दागिने अर्थातच दुर्गाबाईंनी स्वतःच्या हातांनी ओवून, केळीच्या पानांत गुंडाळून पातूरहून आणले होते. बायका वा वा करत होत्या. तेवढ्यात विहीणबाईंनी, म्हणजे सत्यवतीबाईंनी, आपलं कपाट उघडलं. क्रोशाची तोरणं, क्रोशाचे रुमाल, टीव्हीचं झाकण, इतकंच काय, फ्रीजच्या दांड्यालाही क्रोशाचा अंगरखा! अर्ध्या कॉलनीला क्रोशा त्यांनीच शिकवलेला. बायकांनी फुलं सोडून कपाटाभोवती गर्दी केली.

"बाळाचं पहिलं पांघरूण माहेरचं राहते म्हना," सत्यवतीबाई म्हणाल्या, "पण विहीणबाई, तुमी चिंता नका करू. तुमचं काम फुलाचं. फुलं काय, आज हायेत, उद्या नाई. पांघरूण कसं, टिकलं पाह्यजे. थे मी विणतो."

बाई मनानं वाईट नाहीत हो. बोलल्या त्यात कपट नव्हतं, आणि तेच तर झोंबलं. कारण गोष्ट खरी होती. दुर्गाबाईंनी जन्मभर जे जे केलं ते दुसऱ्या दिवशी निर्माल्य झालं. देवांचे हार केले, नवरदेवांच्या मुंडावळ्या केल्या, गजरे केले, मेलेल्यांच्या तिरडीवरचे हारही केले. पण बोट दाखवून 'हे माझ्या हातचं' म्हणावं असं घरात काहीच नव्हतं. आतापर्यंत ते कधी मनात आलं नव्हतं. आलं ते नेमकं चारचौघींत, अनारसा खाताना.

"पह्यलं पांघरूण माहेरचंच येईन," दुर्गाबाई म्हणाल्या. "आन् मी सोता विणीन. क्रोशानं."

कपाटाभोवतीच्या साऱ्या माना वळल्या. रागिणीनं झोपाळ्यावरून आईकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ही बाई उद्या विमान चालवते म्हणेल.

परतीच्या बसमध्ये नवऱ्यानं, नत्थुजींनी, पहिला प्रश्न विचारला, "अवं, तुले सुई धरता येते का?"

"गजरा येते ना? थोच दोरा, थेच हात."

"मंग झालं," नत्थुजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "पोट्टं गजरा पांघरून झोपन."

रागिणी बाळंतपणाला माहेरी येत होती, ती त्यांच्याच सोबत होती. अकोल्यात गाडी बदलायची होती, तिथेच उतरून दुर्गाबाईंनी लोकर घेतली. पिवळी, केशरी आणि थोडी पांढरी. बाळाच्या अंगाला टोचणार नाही अशी मऊ, गालाला लावून लावून निवडलेली. दुकानदार म्हणाला, "मावशी, अकोल्याच्या उन्हात लोकरीचं पांघरूण?" तर त्याला ऐकवलं, "पोरगं पुसात येऊन राह्यलं बाबू, वैशाखात नाई." क्रोशाच्या सुया त्यानं समोर ठेवल्या तेव्हा मात्र त्यांना बारीक कोणती नि जाड कोणती घ्यावी ते कळेना. रागिणीनं मधली उचलली.

घरी आल्यावर शिक्षण सुरू झालं. अंगणात कोवळ्या उन्हाला पोतं टाकायचं, रागिणीनं मोबाईलवर शिकवणीचा व्हिडिओ लावायचा, आणि माय शिकणार. साखळी घालणं, मग खांब, मग मुका खांब, असे एकेक टाके. आणि काय सांगू, बाई झपाट्यानं शिकल्या! दोन बोटांत दोरा खेळवायची सवय हाडात मुरलेली. मधोमध बारीक गोल सुरू करायचा आणि चौकोन वाढवत न्यायचा, एवढं समजलं आणि सुई जी धावायला लागली ती थांबेना. व्हिडिओतली बाई एक फेरी संपवेपर्यंत हिच्या दोन झालेल्या. "हात्तेरी! याच्यासाठी एवढं कपाट उघडून दाखवत होत्या?" त्या म्हणाल्या.

एकच गोष्ट त्यांनी व्हिडिओतल्या बाईचं न ऐकता केली. हार ओवताना फुलवाल्या दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात, म्हणजे दोरा कसा ताठ राहतो, हात मोकळे राहतात. दुर्गाबाईंनी लोकरही अंगठ्याला अडकवली. गुंडाळीकडून येणारी लोकर अंगठ्याभोवती एक वेढा घेऊन, तारेसारखी ताणून सुईकडे जायची. रागिणी म्हणाली, "आई, थे बाई तर बोटावर घेते." "तिले अंगठा नसन," माय म्हणाली, आणि विषय संपला.

पांघरूण वाढत गेलं आणि त्याच्या कडा उभ्या राहू लागल्या. आधी वाटलं, बसतील. मग वाटलं, वरून पाट ठेवू. पाट ठेवला, उचलला, कडा पुन्हा उभ्या. ताणून विणलेली लोकर सुटली की आक्रसायची आणि टाक्याला टाका घट्ट आवळून बसायचा. सतरंजीइतकं कडक झालं ते. नत्थुजींनी एक दिवस ते उचललं, आत डोकावून पाहिलं, त्यात दुकानातली शेवंती ओतली आणि बायकोपुढे ठेवलं. शेवंती छान मावली.

"पाळण्याचा खर्च वाचला," ते म्हणाले. "यातच झोपव."

दुर्गाबाई चिडल्या, पण हसल्याही. हसू पळालं ते संध्याकाळी. सत्यवतीबाईंचा व्हिडिओ कॉल आला सुनेची खुशाली विचारायला, आणि रागिणीच्या मांडीवरचं ते प्रकरण त्यांना दिसलं.

"माय वं! हे काय विणून राह्यल्या विहीणबाई?" मग त्यांनी नीट पाहिलं, आणि आवाज एकदम मऊ केला. "असू द्या. हात बसायले वर्षं लागतात. माह्यं तयारच हाय पांघरूण. मी घेऊन येतो, तुमच्या नावानं ठेवू. कोनाले काऊन सांगाचं?"

तुमच्या नावानं! टोमणा मारला असता तर दुर्गाबाईंनी सव्वापट करून परत केला असता. पण दया? त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन लेकीच्या हातात दिला. मग टोपलं झालेलं ते पांघरूण घेऊन अंगणात बसल्या आणि शेवटचा टाका ओढला. लोकर सरसर उसवत गेली. रागिणी रडायला लागली, "राहू दे ना वं आई, जसं हाय तसं." पण आईनं शेवटच्या गाठीपर्यंत उसवलं, लोकर गुंडाळून फुलांच्या टोपलीत टाकली आणि वर ओलं फडकं झाकलं, जसं उरलेल्या फुलांवर झाकतात.

त्यानंतर दुकानात दुर्गाबाई भांडेनात. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव, मागेल तेवढी फुलं. नत्थुजींना आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. बायकोचा आवाज चढत नाही म्हणजे काहीतरी मोठं मोडलंय हे त्या माणसाला कळत होतं. थट्टा त्यांनीही बंद केली.

अशात एका सकाळी रागिणी अंगणात गजरा ओवायला बसली. बसून बसून कंटाळली होती बिचारी. कुंदाच्या कळ्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, देठ सुतासारखं. फुलवाल्याचीच पोर, तिनं दोरा अंगठ्याला अडकवला, कळी ठेवली, गाठ मारली, ओढली. कळीचं मुंडकं खाली. दुसरी ठेवली, ओढली, तेही खाली. पुढ्यात मुंडक्यांचा ढीग झाला.

दुर्गाबाई झाडू मारत होत्या. त्यांनी पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी आवाज चढला. "अवं पोट्टे! कुंदा हाय थो, झेंडू नोहे! काढ अंगठ्यातून दोरा! बोटावर घे, सैल सोड, कळी आपोआप धरते. कितीक खेपा सांगतलं तुले, झेंडूले अंगठा, कुंदाले बोट..."

आणि तिथेच थांबल्या. झाडू हातात तसाच.

"आई?" रागिणी म्हणाली.

दुर्गाबाईंनी झाडू टाकला, घरात गेल्या, टोपलीतलं फडकं फेकलं आणि लोकर घेऊन बाहेर आल्या. लोकर डाव्या हाताच्या बोटावर घेतली, व्हिडिओतल्या बाईसारखा वेढा न देता नुसती टेकवून, सैल, कुंदाचा दोरा घेतात अगदी तशी. गोल घातला, पहिली फेरी केली, दुसरी केली, आणि ती वीण पोत्यावर ठेवून दिली. ती निजली. कुठेही न उठता, न वळता, पोळी तव्यावर पडते तशी पडून राहिली. दुर्गाबाई अशा ओरडल्या की शेजारची सुभद्रा कणकेच्या हातानं कुंपणापाशी आली.

"काय झालं वं? सुरू झालं का रागिणीचं?"

"माह्यं सुरू झालं!" दुर्गाबाई म्हणाल्या.

आता सुई पळत नव्हती, चालत होती, ऐटीत. फेऱ्या वाढत गेल्या. आणि मजा अशी की यातलं सगळ्यात देखणं काम चुकीतून निघालं. बोलण्याच्या नादात दुर्गाबाईंनी एकाच घरात खांबावर खांब घातले आणि चूक लपवायला सगळ्यांची तोंडं एकत्र आवळली. तिथे एक गुबगुबीत गोळा वर आला.

"आई, चुकलं," रागिणी म्हणाली.

दुर्गाबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. "चुकलं नाई. बोंड आलं."

खरंच, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, फुटायच्या आधीचं बोंड असतं तसंच. मग त्यांनी मुद्दाम बोंडं घातली. मध्ये पिवळा, बाहेर केशरी, आणि कडेला पांढऱ्या लोकरीची बोंडंच बोंडं. हात फिरवला की तळव्याखाली सारं शेत लागावं. नत्थुजी येता-जाता हात फिरवून जात. "टोपलं बरं होतं, शेवंती मावत होती," असं म्हणत, पण हात काढत नसत.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत अकोल्याच्या दवाखान्यात नात झाली. आणि बारशाच्या दिवशी अमरावतीहून सत्यवतीबाई पातूरला आल्या, सोबत लेक मंजुषा, म्हणजे बाळाची आत्या, आणि हातात एक पिशवी. पिशवीत काय आहे ते दुर्गाबाईंना विचारायची गरज नव्हती.

अंगणात पाळणा सजला होता, फुलांनी मढलेला. बायका जमल्या. दुर्गाबाईंनी नात बाहेर आणली, बोंडांच्या पांघरुणात गुंडाळून. सत्यवतीबाई उठून जवळ आल्या. चष्मा लावला. पदर बाजूला करून पांघरुणाची कड उलटी केली, मागची बाजू पाहिली, कोपरा ओढून पाहिला, बोंडावर नख फिरवलं. दुर्गाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. देवापुढे इतक्या वेळा हार नेले, पण हाराची मागची बाजू कधी कोणी पाहिली नव्हती.

"अकोल्याहून विकत आनलं का?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

टोमणा नव्हता. बाईंना खरंच वाटलं होतं. आणि साऱ्या बायका दुर्गाबाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या.

दुर्गाबाईंनी नात मंजुषाच्या हातात दिली. घरात जाऊन उरलेली लोकर आणि सुई आणली, सगळ्यांपुढे पायरीवर बसल्या, लोकर वेढा न देता बोटावर टेकवली आणि बोलता बोलता एक बोंड विणलं. मग शेजारी दुसरं. सत्यवतीबाई वाकून पाहत होत्या. सगळं कपाट क्रोशानं भरणारी बाई, पण हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"लोकर अशी कोन धरते वं माय?"

"फुलवाली धरते," दुर्गाबाई म्हणाल्या. "कुंदा ओवताना."

सत्यवतीबाई सरळ उभ्या राहिल्या. एक क्षण त्यांचा चेहरा कसनुसा झाला, आणि मग त्या खळखळून हसल्या. "हरलो मी विहीणबाई! मानलं तुमाले. पण हे बोंड मले शिकवल्याबिगर मी अमरावतीले जात नाई!"

पुढं तर गंमतच झाली. नाव ठेवताना बाळाला पाळण्याखालून द्यायचं आणि वरून घ्यायचं, तर त्यासाठी मंजुषा पांघरूण सोडवायला गेली. नातीनं कडेचं एक बोंड मुठीत धरलं होतं. एक बोट सोडवलं की दुसरं घट्ट. आत्यानं गोंजारलं, आजीनं कुर्रर्र केलं, मूठ काही सुटेना, आणि जरा जोर लावला तर पोरीनं असं भोकाड पसरलं की मागच्या रस्त्यावरचा ऑटो थांबला.

"राहू द्या," सत्यवतीबाईंनीच सांगितलं. "पांघरुणासकट घ्या तिले." आणि पाळण्याच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला दुर्गाबाई, अशी ती पोर पांघरुणासकट खालून गेली, वरून आली, पिवळं-केशरी सारं हवेत फडकत. पिशवी शेवटपर्यंत उघडली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई नेहमीप्रमाणे निर्माल्य काढायला लागल्या. पाळण्यावरचे हार माना टाकून लोंबत होते. ते ओढून त्यांनी टोपलीत टाकले, शेवटचा गजराही टाकला, आणि हात सवयीनं पाळण्यात गेला तर मऊ बोंडं लागली. कालची. जशीच्या तशी. खाली नात झोपली होती, मूठ अजून तिथेच. दुर्गाबाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"पाहून राह्यले का?" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "हे सुकलं नाई. माह्या हातचं हाय, आन् सुकलं नाई!"

नत्थुजी आले, पाळण्यात वाकले, पांघरुणावरून सावकाश हात फिरवला.

"मंग मलेबी एक कर," ते म्हणाले. "थंडी मलेबी वाजते."

"करतो ना," डोळे भरलेले, आवाज मात्र बाजारातला. "तुमचं अंगठ्याले बांधून करतो!"