चनबसप्पांचे दोरे

सिद्धेश्वराच्या तळ्याकडं तोंड करून सांगते, ह्यातला एकूण एक शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर जन्मभर मला खवट शेंगदाण्याची चटणी खावी लागो. शेळीचं ऐकून तुम्ही हसाल. हसा. शेळीसुद्धा खरी आहे.

तर चनबसप्पांनी पेटीला कान लावला. ते कुठलीही पेटी आधी हलवत नसत, नुसता कान लावत. मग मान वर करून विचारलं, "काय हाय आत?"

"मोटारीचा सामान, दाजी."

"मोटारीचा म्हंजी कुटला?"

"हवा."

"हवेला पत्र्याचा डबा कशाला लागतो रे, शिवयोगी?"

शिवयोगी म्हणजे त्यांच्या बायकोचा, गौरम्माचा, धाकटा भाऊ. अक्कलकोट रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. चनबसप्पा सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. साल शहात्तर. संक्रांत नुकतीच झालेली, गावात गड्ड्याची जत्रा भरलेली, आणि चनबसप्पांना रिटायर व्हायला साडेचार महिने राहिलेले.

"दाजी, तुमाला म्हायती हाय की," शिवयोगी म्हणाला. "सगळ्या घराला म्हायती हाय."

माहीत होतंच. शिवयोगी आणि गौरम्माचे वडील ट्रक चालवायचे. मंद्रूपच्या अलीकडं ट्रक झाडावर गेला. अंगावर दुसरा एक ओरखडा नव्हता. छातीत स्टिअरिंग बसलं, तेवढ्यानंच गेले. तेव्हापासून शिवयोगीच्या डोक्यात एकच. ड्रायव्हर आणि स्टिअरिंगच्या मधे ऐन वेळी एक उशी आली पाहिजे. तीन वर्षं खपून त्यानं मुठीएवढा डबा केला. आत पुडी, पुडीवर ठिणगी, ठिणगी पडली की वायू, आणि तुम्ही डोळा मिटून उघडायच्या आत तंबूच्या कापडाची पिशवी टम्म.

पहिली चाचणी त्यानं गॅरेजमागं जुन्या जीपमधे घेतली. तेव्हा शेजारच्या गोजाबाईची शेळी आत बसून सीट खात होती, हे कुणी पाहिलंच नाही. डबा उडाला, पिशवी फुगली, आणि शेळी सापडली ती चिंचेवर. जिवंत. रवंथ करत. चांगली दुसऱ्या फांदीवर. गोजाबाई खालून म्हणाली, "आता दूध काढायला शिडी लावू व्हय रे, मुडद्या?"

त्या दणक्यात जीपचं स्टिअरिंग निखळलं, म्हणून सहा डबे रेल्वेनं पाठवायचे ठरले. पुण्याच्या एका मोटार कारखान्यातले साहेब परवा सकाळी दहाला बघणार होते. परवाच संध्याकाळी ते परदेशी जाणार. परत बोलावणं नाही.

"दुपारच्या गाडीला टाका. 'मोटारीचे भाग' लिवा आन् सही करा," शिवयोगी म्हणाला.

चनबसप्पांनी खणातलं लाल पुस्तक काढलं. रेल्वेनं कुठला धोक्याचा माल कसा न्यायचा, ते त्यात असायचं. शोभेची दारू होती, आगपेट्या होत्या, दाबलेला वायू होता, तेजाब होतं. डोळा मिटून उघडायच्या आत वायू करणारा डबा कुठंच नव्हता.

"पुस्तकात न्हाई," ते म्हणाले.

"मग झालं की. न्हाई म्हंजी धोका न्हाई."

"न्हाई म्हंजी बघाया पायजे."

एवढं बघण्याचं वेड त्यांना आधी नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी ह्याच गड्ड्याच्या दिवसांत जत्रेतल्या दुकानांसाठी एक पेटी आली. कागदावर 'खेळणी'. समोर चहा ठेवलेला होता, गार होईल म्हणून चनबसप्पांनी न उघडता, न विचारता चिठ्ठी चिकटवली. बिरप्पा हमालानं ती थप्पीवर टाकली, हमाल टाकतात तशी. आत बंदुकीच्या टिकल्या होत्या, पोत्यानं. बिरप्पा वाचला, पण उजवा कान गेला तो गेलाच. त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा चनबसप्पा चुकून उजव्या बाजूला बसले, आणि पाऊण तास जे बोलायचं होतं ते सगळं बोलून उठले. बिरप्पाला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा बोलायचं त्यांना धाडस झालं नाही.

त्याऐवजी त्यांनी दोरे बांधायला सुरुवात केली. पेटीवरची चिठ्ठी हमालांना वाचता येत नव्हती, पण मागावरचं सूत कोण ओळखत नाही सोलापुरात. गौरम्मा शेजारच्या मागवाल्यांकडून तुटकं सूत आणायची. पेटणाऱ्या मालाला लाल दोरा. विषाला काळा. तेजाबाला पिवळा. काचेला, नाजूक मालाला निळा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण अठरा वर्षांत हमालाच्या अंगाला पुन्हा इजा झाली नाही.

"एक डबा मला दे," ते शिवयोगीला म्हणाले. "पाच ऱ्हातील तुला."

"काय करताय त्याचं?"

"आदी आपटतो. मग जाळतो."

मालधक्क्यामागं मोकळं मैदान होतं, तिथं दोघं गेले, मागोमाग बिरप्पाही आला. धक्क्यावरून डबा खडीवर टाकला. तीनदा टाकला. डबा नुसता खण् म्हणाला. शिवयोगी हसायला लागला. एवढ्यात गौरम्मा जेवणाचा डबा घेऊन आली. डबा हा बहाणा. भावाचं काय होतंय ते बघायला आली होती. ओळखून तिनं दोघांच्या भाकऱ्या आणल्या होत्या.

मग चनबसप्पांनी मधे गोवऱ्या रचल्या आणि आपल्या पायानं पंधरा पावलं मोजून भोवती चुन्याच्या फक्कीचं रिंगण मारलं.

"पंधराच का, सायेब?" बिरप्पानं विचारलं.

"थप्पीपासनं तुमी विडी ओढत बसता तितवर पंधरा पावलं हाय. जाळात डबा फुटून तुकडा रेषेच्या भाईर गेला तर त्यो दारूगोळा. पाशिंजरांच्या गाडीत बसायचा न्हाई. आत ऱ्हायला तर मोटारीचा भाग. लगेच सही करतो. शिवयोगी, कबूल हाय?"

"कबूल."

सगळे कापसाच्या गाठींमागं बसले. गोवऱ्या धुमसल्या, मग पेटल्या. बराच वेळ काही झालं नाही. गौरम्मा म्हणाली, "साकु की आता, विझवा." साकु म्हणजे पुरे, ती घाबरली की कानडीत बोलायची. आणि तेवढ्यात फाट् झालं. गोवऱ्या चहूकडं उडाल्या. डब्याचं झाकण भिरभिरत वर गेलं, मैदानात पडलेल्या चहावाल्याच्या पत्र्यावर ठण्ण आपटलं, तिथून पुढं उसळलं आणि पडलं ते नेमकं फक्कीच्या रेषेवर.

नेमकं म्हणजे कसं, तर अर्धं आत, अर्धं बाहेर. सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसले. चनबसप्पांनी बोटानं रेष कितीतरी वेळ तपासली.

"आत हाय," शिवयोगी म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"आतच हाय की, सायेब," बिरप्पा म्हणाला. "पत्र्यावर आपटलं म्हनून, न्हाय तर कुटं येत हुतं हितवर. द्या ती पेटी. मी न्हेतो डोस्क्यावर."

गौरम्मा नवऱ्याजवळ वाकली. "अहो, अर्धं आत हाय की. बाबांचं काम हाय ते."

चनबसप्पांनी बायकोकडं बघितलं. मग बिरप्पाकडं. बिरप्पानं ऐकायला डावा कान पुढं केला होता. उजव्यात कापसाचा बोळा होता. पेटी उचलायची म्हणून डोक्यावर चुंबळसुद्धा ठेवून तयार होता, शहाणा.

"अर्धं भाईर हाय," चनबसप्पा म्हणाले.

खिशातून लाल दोरा काढून त्यांनी पेटीला बांधला. गाठ एकदा सुटली. दुसऱ्यांदा बसली.

शिवयोगीनं पेटी उचलली. "दाजी, माझ्या जागी दुसरा कोण असता तर सही केली असती तुमी."

"दुसरा कोण असता तर इतका येळ बसून बघितलं नसतं."

शिवयोगी गॅरेजवर गेला, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत जीपला जुनं स्टिअरिंग बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पेटी मांडीशी घेऊन एकटाच पुण्याला निघाला. इंदापूरच्या पुढं रेडिएटर फुटला. पोचला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. गेटवरच्या वॉचमननं त्याला पाणी दिलं, जीप लावायला जागा दिली आणि सांगितलं, साहेब गेले.

पुढं त्यानं गॅरेज बंद करून विहिरीवरचे पंप दुरुस्त करायला घेतले. पाच डबे त्यानं गॅरेजमागं खड्ड्यात पुरले, लाल दोरा न सोडता. तंबूच्या कापडाची पिशवी गोजाबाईनं नेली. शेळी तिच्यावर झोपायची.

गौरम्मा नवऱ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण सांगायचं ते भिंतीला सांगायची. "कुणाला तरी भाकरी हवी असंल तर टोपल्यात हाय." चनबसप्पाही भिंतीलाच म्हणायचे, "एक पुरे." गड्ड्यातल्या दारूकामाला सगळा गाव आभाळाकडं बघत होता तेव्हा ते पाठ करून उभे होते. आपण बरोबर केलं की नाही, हे त्यांना कधीच नक्की कळलं नाही. एकीकडं बिरप्पाचं डोकं दिसायचं, चुंबळीसकट. दुसरीकडं कुठल्या कुठल्या रस्त्यांवरच्या ड्रायव्हरांच्या छात्या, त्यांनी कधी न बघितलेल्या. त्यांत एक तेवढी बघितलेली, सासऱ्यांची. त्यांच्या हातात मोजायला होती ती पंधरा पावलं. तेवढीच त्यांनी मोजली.

महाशिवरात्रीनंतर एका सकाळी ते चप्पल घालत होते, तर गौरम्मानं समोर सुताची एक गुंडी धरली. लाल.

"संपत आला हुता न्हवं," ती म्हणाली. भिंतीला नाही, त्यांना.

एकतीस मेला चनबसप्पा रिटायर झाले. ऑफिसात हार घातला, नारळ दिला. लाल पुस्तक त्यांनी फडक्यानं पुसून नव्या क्लार्ककडं दिलं आणि दोऱ्यांचा डबाही दिला. नव्या क्लार्कनं विचारलं, "हे कशाला?" चनबसप्पांनी सगळे रंग समजावून सांगितले. त्यानं मान हलवली आणि डबा कपाटावर ठेवला, हात पुरणार नाही इतका वर.

बाहेर आले तर बिरप्पा आणि हमाल उभे. बिरप्पानं त्यांचा हात धरला आणि मनगटावर निळा दोरा बांधला.

"ह्यो रंग म्हायती हाय न्हवं, सायेब?"

"काच," चनबसप्पा म्हणाले. "नाजूक माल."

"हां. हळू न्ह्यायचा," बिरप्पा म्हणाला. मग सगळे त्यांना सायकलस्टँडपर्यंत सोडायला गेले.

आता तळ्याकडं तोंड करून शपथ घेतलीय, तेव्हा सांगायलाच पाहिजे. तुम्हाला वाटत असेल शेळीचं खोटं. शेळी खरी, चिंच अजून उभी आहे, जाऊन बघा. झाकणही खरं, रेषेवरच पडलं. निळा दोरा तेवढा मी बांधला, गोष्टीत.

खरं तर त्या दिवशी धक्क्यावर मालगाडीच्या सिमेंटच्या वाघिणी लागल्या होत्या. हमाल कामात होते, सगळ्यांची तोंडं पांढरी, कोण कोणता ते ओळखू येत नव्हतं. चनबसप्पांनी हँडलला नारळाची पिशवी अडकवली. धक्क्याजवळून जाताना सायकल थांबवली, घंटी वाजवली. दोनदा वाजवली. बिरप्पा तिथंच होता, दहा-पंधरा पावलांवर. पण त्याचा उजवा कान ह्या बाजूला होता.